घरी रीफ टँक लावताय? कोरल घ्यायच्या आधी हात खिशात ठेवायला शिका

रीफ टँक म्हणजे समुद्रातली जिवंत कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. माझ्या टँकमधलं पहिलं कोरल म्हणजे एक टोडस्टूल लेदर, छत्रीसारखं, तळहाताएवढं. आणलं त्या रात्रीच मस्त फुललं, घरातल्या सगळ्यांनी फोटो काढले. आठवड्याभराने एकदम मिटलं. वरचे सगळे बारीक पॉलिप, म्हणजे त्याची फुलासारखी तोंडं, आत गेले आणि अख्ख्या छत्रीवर एक मेणचट चमक आली, जणू कोणी वरून प्लास्टिकचा कागद चिकटवलाय. मला वाटलं मेलं. मग काय, तीन दिवसांत चारदा जागा बदलली, लाइट कमी केला, परत वाढवला, केएच (पाण्याची अल्कलिनिटी, पीएच सांभाळणारी) कमी असेल म्हणून सोडा टाकला, अर्धं पाणी बदललं, आणि शेवटी ते खरंच मेलं. वितळून पाण्यात शेंबडासारखं पसरलं, त्याचा वास अजून आठवतो.

वर्षभराने कळलं की ते आजारी नव्हतंच. लेदर कोरल अधूनमधून कात टाकतं, वर साचलेलं शेवाळ वगैरे काढून टाकायला. काही दिवस, कधी आठवडा-दीड आठवडा मिटून बसतं, मग तो मेणाचा पापुद्रा फाटून पाण्याबरोबर निघून जातो आणि खालून ताजं कोरल बाहेर येतं. मी गप्प बसलो असतो तर जगलं असतं.

हा लेख त्या अनुभवावर आहे. मी ठाण्यात राहतो, दोन फुटी टँक आहे, सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेली, मऊ) ठेवतो. ज्यांना पहिल्यांदा करायचंय त्यांनी निदान माझ्या चुका तरी करू नयेत म्हणून क्रमाने लिहितोय.

१. सगळ्यात आधी कायदा, कारण दुकानदार सांगणार नाही

कोरल म्हणजे प्रवाळ. (नातेवाईक विचारतात "पोवळं पाळतोस म्हणजे, मंगळ आहे का तुला?" ते दागिन्यातलं पोवळं वेगळ्या जातीचं, त्याचा आपल्याशी संबंध नाही.) आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळी दगडी कोरल आहेत, म्हणजे रीफ बांधणारी. शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनसुद्धा. वाघ ज्या यादीत त्याच यादीत. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात आणि एक तुकडा खिशात घातला तर तो गुन्हा आहे, मेलेला पांढरा तुकडा असला तरी. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीची कोरल दुसरीकडे हलवायला महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती, तर तुम्ही-आम्ही कोण.

बाहेरून आलेली दगडी कोरलसुद्धा साइटिसच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये येतात, म्हणजे त्याला परमिट लागतं, आणि २०२४ च्या नियमांनंतर साइटिसमधले जिवंत प्राणी पाळणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. म्हणून माझं सरळ मत, नवीन माणसाने दगडी कोरलच्या वाटेला जाऊच नये. मश्रूम, झोआ (झोअँथिड, चटईसारखी पसरणारी छोटी फुलं), लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया हे सगळे सॉफ्ट प्रकार या याद्यांत येत नाहीत, चिवट आहेत आणि दिसायला कमी नाहीत. टँकमध्ये वाढवून कापलेले तुकडे, ज्याला फ्रॅग म्हणतात, तेच मागा.

कागद काय ठेवायचे:
– दुकानाचं पक्कं बिल, त्यावर कोरलचं नाव लिहिलेलं
– माल आयात केलेला असेल तर आयातीच्या कागदांची झेरॉक्स
– आणल्या दिवशीचा फोटो, तारखेसकट

"लाइव्ह रॉक" नावाखाली समुद्रातून उचललेले दगड विकतात तेही घेऊ नका, तो बहुतेक वेळा कोरलचा सांगाडाच असतो. सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला कोरडा रॉक मिळतो, तो घ्या.

२. सामान

टँक शक्यतो दोन फूट बाय दीड बाय दीड. म्हणजे १२० लिटरच्या आसपास, रॉक आणि वाळू टाकल्यावर निव्वळ पाणी १०० लिटर धरा. यापेक्षा लहान घेतलात तर पाण्यात काहीही बदललं की लगेच झटका बसतो. "आधी छोटा घेऊन बघतो" हा हिशोब इथे उलटा आहे. स्टँडसकट वजन २०० किलोच्या घरात जातं, बाल्कनीत ठेवू नका, भिंतीला लागून ठेवा, आणि ऊन येतं त्या खिडकीपासून लांब.

बाकीची यादी:
– रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारा) आणि तो सेट करायचं ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) द्रावण
– आरओ-डीआय युनिट (आरओनंतर राळेतून गाळून उरलेले क्षारही काढणारं) आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
– रीफचं मीठ
– दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप), एक स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा)
– कोरलसाठीचा एलईडी लाइट, टायमरवाला
– ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारा)
– टेस्ट किट: अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, केएच
– क्लिप-फॅन, थर्मामीटर, पुण्या-नाशिकच्या थंडीसाठी हीटर
– ग्लोव्हज, गॉगल, आणि दोन बादल्या ज्यांवर मार्करने मोठ्ठं "टँक" लिहिलंय, नाहीतर एक दिवस त्यात फिनाइल असतं
– एक वही

वायरिंगबद्दल एकच सांगतो, घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग टँक. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

३. पाणी (इथे नव्वद टक्के लोक अडकतात, मीही)

मी पहिले दोन महिने स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरलं. आरओ म्हणजे आरओ ना? नाही. घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळतात, टीडीएस अॅडजस्टर असतो, माझ्याकडे मीटरवर ६० यायचं. टँकला शून्य लागतं. त्या ६० मध्ये काय काय आहे ते मीटर सांगत नाही, पण शेवाळाला बरोब्बर कळतं, माझ्या रॉकवर तपकिरी गालिचा आणि त्यावर हिरवे केस उगवले होते. वेगळं चार स्टेजचं आरओ-डीआय घ्या आणि शून्याच्या वर आकडा गेला की डीआयची राळ बदला. बोअरचं पाणी असेल तर राळ फार लवकर संपते, त्याची तयारी ठेवा.

काही जण चौपाटीवरून समुद्राचं पाणी आणतात. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी, त्यात पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी मिसळलेलं... नको. मिठागराचं खडे मीठही नको, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो कारण मला एकाने विचारलं होतं.

रीफचं मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पाकिटावर बघा. पाण्यात मीठ टाकायचं, मिठात पाणी नाही. बादलीत पंप सोडून रात्रभर फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. ३५ पीपीटी यायला पाहिजे, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५-१.०२६. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणून खूश होऊ नका, ३५ च्या द्रावणाने सेट करा, माझा शून्यावर बरोबर आणि ३५ ला दोन पॉइंट चुकीचा होता.

आणि हा सापळा: पाणी उडतं, मीठ उडत नाही. १०० लिटरमधून रोज ३ लिटर उडालं आणि तुम्ही तीन दिवस भरलं नाही तर खारटपणा ३५ वरून ३८ च्या वर जातो. भरताना साधं आरओ-डीआय भरायचं, खारं नाही. हे काम माणसाच्या आठवणीवर सोडू नका, ऑटो टॉप-अप लावा. माझ्या मते लाइटवर दोन हजार कमी घाला पण हे पहिल्या दिवसापासून घ्या.

४. सायकल, म्हणजे महिना-दीड महिना काहीच न करणं

रॉक, वाळू, खारं पाणी, पंप चालू, लाइट बंद. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी टँकमध्ये बसवायचे, आणि त्यांना खायला अमोनिया लागतो. जुने लोक मेलेली कोळंबी टाकायचे, घरात वास मारते. मी अमोनियम क्लोराइड वापरलं, म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचा नवसागरच, फक्त लॅबमधला शुद्ध घ्या, बाजारातला नको. १०० लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाखात २ भाग) आसपास येतो. सोबत बाटलीतले बॅक्टेरिया टाकले तर लवकर होतं.

टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्रेट दिसायला लागलं की सायकल झाली. त्यानंतर आधी तपकिरी शेवाळ येईल, मग हिरवं. घाबरून रॉक धुऊ नका! हा टँकचा वयात यायचा काळ आहे, पिंपल्स येणारच. गोगलगायी सोडा, पाणी बदलत राहा.

पहिले मासे क्लाउनफिश घ्या, आणि टँकमध्ये पैदास केलेलेच. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांची हॅचरी आहे, म्हणजे समुद्रातून पकडलेल्याची गरज नाही.

५. उन्हाळा आणि लाइट जाणं

परदेशातले व्हिडिओ बघून सगळे हीटरची चर्चा करतात. आपला प्रश्न उलटा. कोरलला २५ ते २७ डिग्री आवडतं, २८ पर्यंत चालतं, ३० च्या वर बरेच दिवस गेले की ती आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. त्या शैवालाचंच बनवलेलं अन्न ती खातात, म्हणजे स्वयंपाकीण घराबाहेर काढल्यासारखं. आणि मे महिन्यात बंद घरात टँक दुपारी ३२ ला सहज जातो.

स्वस्त उपाय पंखा. पाण्यावर तिरका क्लिप-फॅन मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात. पण हे पुण्यात, नाशकात, नागपुरात जसं चालतं तसं मुंबई-कोकणात चालत नाही, हवाच ओली, पाणी उडणार कुठे. ठाण्यात मला मार्चमध्ये पंखा पुरतो, मे-जूनमध्ये नाही, म्हणून शेवटी चिलर घेतला. चिलर घेतलात तर तो बंद कपाटात ठेवू नका, स्वतःच्याच गरम हवेत तो धापा टाकतो.

फुकटातला उपाय, लाइटची वेळ सरकवा. दुपारी लाइट लावायची गरजच काय, तुम्ही ऑफिसात असता. मी संध्याकाळी ४ ते १२ ठेवलाय, उन्हाची आणि लाइटची गरमी एकत्र येत नाही आणि मला बघायलाही मिळतं.

बर्फाच्या बाटल्या टाकणं अडीअडचणीला ठीक, पण ३१ वरून अर्ध्या तासात २६ केलंत तर गरमीने मेलं नसतं ते थंडीने मरेल. हळूहळू उतरवा.

लाइट गेली तर सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो, तापमान वगैरे नंतर. पंप बंद पडले की भरलेल्या टँकमध्ये मासे काही तासांत वर येऊन तोंड उघडायला लागतात. मी एक यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि चार्ज केलेली पॉवर बँक टँकच्या खालीच ठेवतो, दोनशे-अडीचशे रुपयांच्या त्या पंपाने एकदा मध्यरात्रीचे सहा तास काढले. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर ठेवा. चिलर इन्व्हर्टरवर टाकलात तर घरातले पंखेही बंद होतील आणि मग तुमचं काही खरं नाही.

६. कोरल आणायचं कसं

रविवारी क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याला गेलात की मोह होतो. दुकानातल्या निळ्या लाइटखाली सगळंच चमकतं, फोनचा पांढरा टॉर्च मारून खरा रंग बघा. त्याच दिवशी आलेलं घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेलं घ्या. एका वेळी एक किंवा दोन.

घरी आल्यावर:
पिशवी बंदच ठेवून २० मिनिटं टँकवर तरंगवा, तापमान जुळेल. मग पिशवीतलं पाणी एका डब्यात घेऊन टँकचं पाणी थेंब थेंब सोडत अर्धा तास. मग कोरल डिपमध्ये (किडे मारायचं द्रावण), बाटलीवर लिहिलंय तेवढीच मिनिटं. त्या डिपच्या पाण्यात खाली काय पडतंय ते बघा, मला एकदा तांदळाच्या दाण्याएवढी झोआ खाणारी गोगलगाय सापडली, अगदी झोआच्याच रंगाची. अंडी डिपने मरत नाहीत, म्हणून कोरल ज्यावर चिकटवलंय तो खालचा प्लग तोडून नवीन लावा. दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, बेसिनमध्ये.

इथे एक गंभीर गोष्ट. झोआ आणि विशेषतः तिच्या जवळच्या नात्यातल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. कापताना ग्लोव्हज आणि गॉगल पाहिजेच. ज्या रॉकवर ती आहेत तो रॉक कधीही उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, त्या वाफेने घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये जाऊ शकतात. पाइपला तोंड लावून पाणी ओढायचं नाही. पोरं, मांजर, सगळे खोलीच्या बाहेर.

जागा: सुरुवातीला सगळ्यांना खाली वाळूजवळ ठेवा, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक पायरी वर. मश्रूमला सावली आणि मंद पाणी आवडतं, ती खालीच राहू द्या. झोआ मध्ये. लेदर वर, जिथे पाणी हलतं, म्हणजे कात टाकायला मदत होते. ग्रीन स्टार पॉलिप वेगळ्या सुट्या दगडावर, नाहीतर वर्षभरात तो अख्खा रॉक खाऊन काचेवर चढतो, हिरवळ छान दिसते पण मग काढता येत नाही. झेनियाचंही तेच. लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना दाबतं, म्हणून फिल्टरमध्ये थोडा कार्बन (अॅक्टिव्हेटेड कोळसा) ठेवा आणि महिन्याला बदला.

लाइटबद्दल फार वाचत बसू नका. सॉफ्ट कोरलला 'पार' (PAR, म्हणजे कोरलला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) ५० ते १५० पुरतो. नवीन लाइट ३० टक्क्यांवर सुरू करा, महिनाभरात हळूहळू वाढवा. उंच मान काढून ताणलेली झोआ म्हणजे लाइट कमी, फिकट पडून आक्रसलेली म्हणजे बहुतेक जास्त. वेव्हमेकर सरळ कोरलवर मारू नका, काचेवर मारा, पाणी उसळून परत येऊ दे.

७. टेस्ट, आणि टेस्टनंतर न करायच्या गोष्टी

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, कारण सकाळ-संध्याकाळ आकडे हलतात. वहीत लिहा. मी धरतो ते आकडे (केएच सोडून सगळे पीपीएममध्ये): केएच ८ ते ९, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० असावं, पण सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये आठवड्याला १० लिटर पाणी बदललं की ते आपोआप भरून निघतं, वेगळं किट सुरुवातीला नको.

नायट्रेट शून्य करायच्या मागे लागू नका. मी लागलो होतो, कोरल फिकी पडली आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडेवाला चिकट थर आला, डायनो म्हणतात त्याला, शेवाळापेक्षा दसपट वाईट. त्यांना थोडं खायला लागतं.

केएच उतरला तर खायचा सोडा चालतो, साधा सोडियम बायकार्बोनेट. १०० लिटरला ३ ग्रॅमने केएच साधारण १ ने वाढतो. आरओ-डीआयमध्ये विरघळवून, जोरात पाणी वाहतं तिथे, हळूहळू, आणि दिवसाला १ पेक्षा जास्त नाही. बेकिंग पावडर नाही, इनो नाही. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्याकडे दगडी कोरल आहेत, तो काल्कवासर काल्कवासर करत असतो. मी म्हटलं अरे हे काय, तर आपली चुन्याची निवळी! आजी बाळंतिणीला द्यायची तीच, कॅल्शियमसाठी. तुम्हाला सॉफ्टमध्ये ती लागणार नाही, आणि पानवाल्याचा चुना तर कुणीच टाकू नये.

आता खरं सांगतो, आकडा चुकलाय म्हणून जेवढी कोरल मेली त्यापेक्षा आकडा "सुधारला" म्हणून माझी जास्त मेली. केएच ७ वर महिनोन्‌महिने स्थिर असेल तर असू दे. काही बिघडलंय असं वाटलं तर आधी खारटपणा बघा, तापमान बघा, पंप चालू आहेत का बघा. तिन्ही ठीक असेल तर वहीत लिहा आणि तीन दिवस काही करू नका. त्यानंतरही वाटलं तर एकच गोष्ट बदला, मग परत आठवडा थांबा. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की बरं कशाने झालं आणि वाईट कशाने, काही कळत नाही.

थांबायचं नाही अशी एकच वेळ: कोरलचं मांस तपकिरी शेंबडासारखं गळतंय आणि वास येतोय. ते लगेच बाहेर काढा, बाकीचे वाचवायला थोडं पाणी बदला, कार्बन नवा टाका.

८. घरातलं विष

एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात घालतो, हे लक्षात ठेवलं की बाकी सुचत जातं. मच्छर-झुरळं मारायचा स्प्रे त्या खोलीत कधीच नाही. आमच्याकडे पावसाळ्यात कोणीतरी सोफ्याखाली मारला, सकाळी माझी क्लीनर श्रिम्प उताणी. आई म्हणाली "कोळंबीच ना, एवढं काय." पेस्ट कंट्रोल, दिवाळीचा रंग, पॉलिश असेल तर खिडक्या उघड्या, एअर पंप बाहेरची हवा घेईल असा, आणि कार्बन ताजा. हाताला क्रीम, सॅनिटायझर, साबण असेल तर कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवून मगच हात घाला. तांब्या-पितळेचं भांडं टँकच्या पाण्याला लागू देऊ नका, आणि माशांचं तांबं असलेलं औषध या टँकमध्ये चुकूनही नाही, मासा आजारी पडला तर वेगळ्या बादलीत काढून द्यायचं.

९. गणपतीला गावी जाताना

जायच्या आधीच्या आठवड्यात नवीन कोरल नाही, नवीन पंप नाही, लाइटची सेटिंग बदलणं नाही. पाणी दोन-तीन दिवस आधी बदला, निघायच्या सकाळी नको. टॉप-अपची टाकी सात दिवसांना २५ लिटरची लागेल, आणि फ्लोट स्विच ब्रशने पुसून ठेवा, त्यावर गोगलगाय बसली तर तो पाणी भरतच राहतो किंवा भरतच नाही.

खाणं शेजाऱ्यांच्या अंदाजावर सोडू नका. मागे एका काकांनी माशांची दया येऊन चार दिवसांचं एकदम घातलं होतं. मी आता डॉक्टरांच्या पुड्यांसारख्या कागदाच्या पुड्या बांधतो, प्रत्येकीवर वार लिहितो, दिवसाआड एक, उरलेला डबा कपाटात कुलूप लावून. पॉवर बँक चार्ज करून समोर. आणि स्किमर घुर्रघुर्र करतो म्हणून झोपताना त्याचं बटण बंद करायचं नाही, हे काकूंना तोंडी सांगा आणि वर त्या बटणावर चिकटपट्टीपण लावा.